सायब, सम्राट आणि पोपट

“काळं करू का तपकिरी?” हणमंतनं मला विचारलं.

त्याच्या एका हातात काळ्या बुटपॉलिशची डबी होती आणि दुसऱ्या हातात तपकिरी. समोर शेडमध्ये पंधरा-वीस दिवसांची करडं उड्या मारत होती.

“हणमंत, डोकं फिरलंय का तुजं?”

“माजं न्हाई, आज सगळ्यांचं फिरणार हाय. अकराला ढेकळे साहेब येणार. त्यांच्या मागनं कंपनीच्या मॅडम येणार. करडं बघून दोघंबी इचारणार, ह्यांचा बाप कोन? तू काय सांगणार?”

सगळी करडं कबरी होती. अंगावर राख उडाल्यासारखे ठिपके, कपाळावर पांढरा टिक्का आणि गळ्याखाली लोंबणारे दोन गोंडे. चिंचदऱ्यात कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी त्यानं या करडांचा बाप सांगितला असता. पंचाईत बाहेरून येणाऱ्यांची होती.

“डब्या ठेव तिकडं,” मी म्हटलं. “करडू चाटून चाटून मरंल एखादं.”

त्यानं डब्या खिशात घातल्या. मी पाणी आणायला गेले.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. बारावी करून मी घरी बसले होते. आमच्या माळरानावर पाऊस कमी आणि शेळ्या जास्त, म्हणून आम्ही सहा पोरापोरींनी मिळून युवा शेळीपालन गट काढला होता. हणमंत अध्यक्ष झाला, कारण त्याला माईकवर बोलता यायचं. मी सचिव झाले, कारण शेळ्या मी राखायचे. आमच्या आप्पांना हा सगळा खेळ वाटायचा. त्यांनी एक येत, म्हणजे शेळ्या एकदा व्यायेपर्यंतची सवलत दिली होती. तेवढ्यात काही दिसलं नाही, तर मी चिंचवडला मामाकडे जायचं आणि पॅकिंगच्या कारखान्यात लागायचं, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे आप्पांनी ठरवलं होतं.

गटाला मदत मिळावी म्हणून आम्ही आधी सरकारकडे गेलो. पशुसंवर्धनाच्या ढेकळे साहेबांनी आमचं नाव तरुणांच्या योजनेत घातलं. योजनेत जातिवंत बोकड मिळणार होता. आम्ही वाट बघितली. वाट बघून कंटाळलो, तेव्हा हणमंत शुभधारा पशुखाद्य कंपनीकडे गेला. कंपनीनं आठवड्यात होकार दिला. आणि कंपनीचा बोकड ज्या आठवड्यात आला, त्याच आठवड्यात सरकारचाही आला.

सरकारी बोकड काळाकुळकुळीत, उस्मानाबादी. आमच्याआधी तो दोन-तीन गावांची सेवा करून आला होता आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. कागदावर तो ‘सुधारित जातिवंत नर’ होता. गावानं त्याचं नाव सायब ठेवलं. तो उशिरा उठायचा, दुपारभर सावलीत बसायचा आणि कुणी काम घेऊन आल्यासारखं जवळ गेलं, की मान दुसरीकडं वळवायचा. शिवाय ढेकळे साहेबांची सक्त ताकीद होती, की शेळ्यांच्या कानात सरकारी बिल्ले बसल्याशिवाय त्याला शेळ्यांजवळ सोडायचं नाही. नाहीतर करडं योजनेत धरली जाणार नाहीत. बिल्ले वरून यायचे होते.

कंपनीचा बोकड पांढरा धोट, डोकं तेवढं तपकिरी. त्याचा आजा की पणजा आफ्रिकेतून आला होता म्हणे. तो टेम्पोतून उतरला तेव्हा त्याच्या गळ्यात हार होता आणि मागं फोटोग्राफर होता. त्याचं नाव कंपनीनंच सम्राट ठेवलं होतं आणि ते फलकावर छापूनही आणलं होतं. सम्राट फक्त कंपनीचं खाद्य खायचा. त्याला उन्हात न्यायचं नाही, डोंगराला न्यायचं नाही, कारण त्याचा विमा होता. शेळ्या त्याच्याकडे आणायच्या, असं कंपनीच्या शर्वरी मॅडमनी समजावून सांगितलं. आम्ही माझी चंद्री नेली. चंद्रीनं त्याच्याकडे एकदा बघितलं, दोन पावलं मागं सरली आणि अशी टक्कर दिली, की त्यानंतर शेळी दिसली तरी सम्राट कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करायचा.

तर असे दोघं एकाच शेडच्या दोन टोकांना आपापल्या फलकाखाली बांधलेले असायचे. ढेकळे साहेब आले की सायबाजवळ उभे राहायचे, मॅडम आल्या की सम्राटजवळ. दोघांना एकमेकांबद्दल माहीत होतं, पण दोघंही एकमेकांचं नाव घेत नसत.

शेळ्यांना यातलं काही कळवलेलं नव्हतं. त्या त्यांच्या वेळेला माजावर आल्या आणि रोजच्यासारख्या डोंगराला चरायला गेल्या. डोंगरावर बायजाक्काचा पोपट होता.

बायजाक्का आमच्या वस्तीच्या टोकाला एकटी राहायची. आवाज असा, की तिनं दारात उभं राहून हाक मारली तर पलीकडच्या वस्तीवरचा माणूस ओ द्यायचा. पोपट हा तिचा बोकड. लहानपणी त्यानं तिच्या परसातल्या हिरव्या मिरच्या झाडासकट खाल्ल्या, म्हणून पोपट. अंगानं कबरा, कपाळावर टिक्का, गळ्याखाली दोन गोंडे.

मी पाणी घेऊन परत आले, तेव्हा मंडप भरला होता. मंडप म्हणजे चार बांबू आणि लग्नातलं एक कापड. एका बाजूला योजनेचा फलक, दुसऱ्या बाजूला कंपनीचा. आप्पा लांब बाभळीखाली हाताची घडी घालून बसले होते. आज काय ते दिसेल, असा त्यांचा चेहरा होता.

ढेकळे साहेब मोटारसायकलवरून आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. मागोमाग मॅडमची गाडी आली. कार्यक्रम एकच, पण पाहुणे दोन, त्यामुळे हणमंतनं दोघांनाही ‘आजचे प्रमुख पाहुणे’ म्हटलं आणि दोघांनाही राग आला.

“आधी करडं बघू,” ढेकळे साहेब म्हणाले. “भाषणं नंतर.”

पोरांनी करडं मोकळी सोडली. कबऱ्या करडांचा लोंढा मंडपात आला आणि त्यात एक करडू काळंभोर होतं. मी हणमंतकडे बघितलं. तो माईकची वायर तपासायला लागला.

साहेबांनी ते काळं करडू नेमकं हेरलं आणि उचलून छातीशी धरलं. “हे बघा!” ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले. “याला म्हणतात रक्त. अस्सल उस्मानाबादी. आमच्या नराची झेरॉक्स.”

“एकच आहे ना साहेब पण,” मॅडम हसून म्हणाल्या. “बाकी सगळ्यांच्या अंगावर पांढरं दिसतंय. सम्राटचा गुण उतरलाय. बांधा बघा ना त्यांचा.”

“पांढरं आजोळाकडून येतं मॅडम.”

“सगळ्यांचं आजोळ एकच आहे का?”

हे सगळं चालू असताना काळं करडू साहेबांच्या हातांत वळवळत होतं. शेवटी त्यानं जोर लावून उडी मारली. साहेबांच्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत काळा पट्टा उमटला आणि करडाच्या पाठीवर तेवढ्याच आकाराचा कबरा पट्टा उघडा पडला.

साहेबांनी शर्टाकडे बघितलं. हाताकडे बघितलं. हाताचा वास घेतला.

“हे काय आहे?”

“घाम असंल साहेब,” हणमंत म्हणाला. घाबरून तो माईकवरच बोलला, त्यामुळे ते साऱ्या वस्तीला ऐकू गेलं.

बायका पदर तोंडात धरून बसल्या. पुरुष खोकायला लागले. आणि नेमकी त्याच वेळी मंडपाच्या मागच्या बाजूनं हाक आली, “सरका की वो जरा! वाट द्या!”

बायजाक्का. नवीकोरी साडी, कपाळाला ठसठशीत कुंकू, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात दोरी. दोरीच्या टोकाला पोपट. त्याच्या शिंगांना तिनं तेल लावलं होतं.

“आक्का, तू कशाला आलीस?” हणमंतनं माईक हातानं झाकला.

“कशाला म्हंजी? नातवंडं बगायला आले. इतकं दिस झालं, तुमी बोलावलं न्हाई ते न्हाई, आज मंडप घातला तरी एका शब्दानं सांगावा न्हाई! बापाला बसवायचं सोडून तुमी कुनाला बसवलंय हितं?”

पोपट तोवर पुढं झाला होता. टेबलावर पाहुण्यांसाठी ठेवलेल्या झेंडूच्या हारांतला एक त्यानं शांतपणे ओढला आणि खायला लागला. करडं खेळत त्याच्या पायात आली. टिक्क्याशेजारी टिक्का, गोंड्याशेजारी गोंडा, ठिपक्याशेजारी ठिपका. कंपनीच्या फोटोग्राफरला काही माहीत नव्हतं. त्याला ते दृश्य आवडलं आणि त्यानं पटापट फोटो काढले.

मागून कुणीतरी ओरडलं, “दोघांचाबी पोपट झाला!”

मग मात्र कुणाला आवरेना. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. बायजाक्कालाही कळेना का हसतायत, पण आपल्या बोकडाचं नाव घेतलं म्हणून तीही हसली. हसले नाहीत ते तिघंच. ढेकळे साहेब, शर्वरी मॅडम आणि बाभळीखाली बसलेले आप्पा.

साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी साहेबांकडे. आणि सहा-सात महिने एकमेकांचं नाव न घेणारी ती दोघं शेडच्या मागं जाऊन एकमेकांशी बोलायला लागली. थोड्या वेळानं त्यांनी मला बोलावून घेतलं.

“हे बघ जयमाला,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “शेळ्या गटाच्या आहेत. गटाला सपोर्ट आमच्या दोघांचा आहे. म्हणजे करडंसुद्धा एका अर्थानं आमच्या दोघांची…”

“संयुक्त,” साहेबांनी शब्द पुरवला. “मी ‘संयुक्त प्रयत्नातून’ असं लिहितो. त्यांनीही तसंच लिहायचं. तू फक्त माईकवर दोन वाक्यं बोल. शासन आणि कंपनी यांच्या सहकार्यानं ही करडं जन्माला आली. एवढंच.”

“आणि पोपट?” मी विचारलं.

“त्याचं नाव कशाला?” साहेब म्हणाले. “तो योजनेत नाही.”

हणमंतनं माईक माझ्या हातात दिला आणि ‘बोल बाई’ म्हणून डोळ्यांनी विनवलं. मी तोवर कधी माईक धरला नव्हता. तो जड लागला. समोर बघितलं तर पहिल्या रांगेत, पाहुण्याच्या खुर्चीत, बायजाक्का बसली होती. मांडीवर नारळ, एका हातानं पोपटची दोरी धरलेली, मान जरा पुढं काढलेली. तिला आता माईकवरून पोपटचं नाव ऐकायचं होतं. मला सहकार्याचं वाक्य पाठ झालं होतं, पण ते काही केल्या तोंडातून निघेना.

“ही करडं बायजाक्काच्या पोपटची हायत,” मी म्हटलं.

बायजाक्कानं सगळ्यांकडे वळून बघितलं, ऐकलं का म्हणून.

“सगळीच्या सगळी,” मी म्हटलं. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. “सायब गुणाचा हाय, पण त्याला परवानगी न्हवती. सम्राटबी गुणाचा हाय, पण त्यो चंद्रीला भ्याला. पोपटला कुनी काय सांगितलं न्हाई, तेवा त्यानं काम केलं.”

पुन्हा हशा झाला. ढेकळे साहेबांचा मात्र तोल गेला. ते तरातरा माझ्यासमोर आले. शर्टावरचा काळा पट्टा ओलसर चमकत होता.

“चौदा गावं आहेत माझ्याकडं,” ते म्हणाले. “चौदा गावं आणि एक मोटारसायकल. तुमच्या या गटासाठी मी वर किती हेलपाटे घातले, तुला कल्पना आहे? त्या बोकडासाठी मी लोकांच्या पाया पडलोय. ह्या मॅडम पुण्यास्नं चार-चार तास गाडीत बसून येतात. आणि तुम्ही आमची चेष्टा करता? सरकारचा बोकड नको, कंपनीचा बोकड नको. मग तुम्हाला पाहिजे तरी काय?”

हसणाऱ्या बायकांनी पदर सावरले.

त्यांनी रागानं विचारलं होतं. पण विचारलं होतं. योजनेत नाव आलं, फलक आले, बोकड आले, फोटो निघाले, आणि या सगळ्यात हा प्रश्न आम्हाला कुणी विचारलाच नव्हता. आमचाही आमच्या मनाला विचारायचा राहिला होता. मला एकदम मागच्या पावसाळ्यातली सकाळ आठवली. आमच्या दावणीला रात्रीतून करडं पोट फुगून पडली होती आणि आप्पा ती एकेक करून पाटीत भरत होते.

“लस,” मी म्हटलं.

“काय?”

“पावसाच्या आदी आंत्रविषाराची लस पायजे साहेब. गेल्या साली लस आली, तवा टोचायला करडं ऱ्हायली न्हवती.”

साहेबांना ते माहीत होतं. त्या लशीची पेटी घेऊन तेच आले होते आणि तेच ती परत घेऊन गेले होते.

मी मॅडमकडे वळले. “आनि मॅडम, आमाला एक काटा पायजे. वजनाचा. व्यापारी येतो, बोकड कमरेला धरून उचलतो, डोळं मिटतो आनि वजन सांगतो. आमी त्याच्या तोंडाकडं बघतो. त्यो सांगंल ते वजन.”

“काटा?” मॅडम म्हणाल्या. “फक्त?”

“लस तुमची, काटा त्यांचा,” मी साहेबांना म्हटलं. “बोकड आमचा आमी बघतो.”

“पोपट हाय की!” बायजाक्का खुर्चीतून म्हणाली.

मॅडमनी कपाळ चोळलं आणि खरं ते सांगितलं. “अगं, पण काट्याचा फोटो काय काढणार? वरिष्ठांना काय दाखवू मी?” मग त्यांना स्वतःलाच हसू आलं. “नाव मात्र आमचं मोठं लागेल हं त्याच्यावर.”

“लावा की. वजन बरोबर दावलं म्हंजी झालं.”

ढेकळे साहेब खुर्चीत बसले. पाणी प्यायले. “लस या योजनेत बसत नाही,” ते म्हणाले. पेला खाली ठेवून म्हणाले, “दुसऱ्या कशात बसते का बघतो.”

पाहुणे गेले, मंडप उतरला. हणमंत माझ्याशी बोलत नव्हता. त्या काळ्या करडाला तो साबणानं घासत होता आणि ते त्याला लाथा मारत होतं. आप्पा बाभळीखालून उठले आणि सतरंजीचं दुसरं टोक धरायला आले. आम्ही दोघांनी ती झटकली, घडी घातली.

“मामाला फोन लाव,” आप्पा म्हणाले.

“काय सांगू?” मी विचारलं.

“सांग, पोरीला हितं काम लागलंय म्हणावं.” घडी खांद्यावर टाकून ते चालायला लागले. दोन पावलं गेल्यावर, मागं न बघताच म्हणाले, “ढेकळे सायबाला काय बोलली गं! त्याच्या तोंडावर!” आणि आप्पांचे खांदे हलायला लागले. अख्ख्या दिवसात न हसलेला माणूस शेडपर्यंत हसत गेला.

लस पावसाआधी आली. ती कशात बसवली ते साहेबांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मोटारसायकलवर बर्फाची पेटी बांधून ते स्वतः आले आणि बायजाक्काच्या शेळ्यांसकट सगळी वस्ती टोचून गेले. त्या पावसाळ्यात आप्पांना पाटी उचलावी लागली नाही. सम्राटला कंपनीनं परत नेला. सायबाला परत नेण्याचा आदेश मात्र कधी आलाच नाही. तो आमच्याकडंच राहिला आणि सावलीत बसून निवृत्त झाला.

काटा यायला दिवाळी उलटली. लोखंडी पिंजऱ्याचा काटा, आत जनावर उभं करायचं, दार लावायचं आणि बाहेर आकडा बघायचा. पिंजऱ्याच्या चारी बाजूंना कंपनीचं नाव इतकं मोठं रंगवलं होतं, की आतली शेळी जेमतेम दिसायची.

काटा आल्यावर पहिला व्यापारी आला तो बंडूशेठ. सवयीप्रमाणे त्यानं बोकड उचललं, डोळे मिटले आणि वजन सांगितलं. मी ते बोकड पिंजऱ्यात घातलं. आकडा बराच पुढं गेला.

“काटा खोटा हाय,” बंडूशेठ म्हणाला. “कंपनीचा माल. मी माजा हात मानतो.”

खरं-खोटं ठरवायला दुसरा काटा गावात नव्हता. तेवढ्यात बायजाक्का पुढं आली. तिनं बोकड बाहेर हाकललं, पदर खोचला आणि वाकून स्वतः पिंजऱ्यात शिरली.

“परवा दवाखान्यात डाक्टरनं मोजलं मला. बेचाळीस भरले,” ती आतून म्हणाली. “बग रं शेठ, किती दावतोय?”

बंडूशेठनं बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. आकडा बेचाळीसवर येऊन थांबला होता.

बंडूशेठनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली. “बरं, ये भायेर म्हातारे,” तो म्हणाला. “बोकड घाल परत.”

बायजाक्कानं गजांतून हात बाहेर काढला आणि पिंजऱ्याच्या दाराची कडी लावून घेतली.

“आदी काट्यावरचा भाव बोल,” ती म्हणाली, “मंग येते.”